लक्ष्मणाची गाठ

माझी बायको शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा तिनं एकदा विचारलं, "तुमचं काई सांगायचं राहून गेलं का हो?" मी न्हाई म्हणालो. तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि मग भिंतीकडं तोंड फिरवलं. तिला काही कळलं होतं का? ठाऊक नाही. चाळीस वर्षं एका माणसाशेजारी राहिल्यावर काहीतरी कळतच असेल. पण मी बोललो नाही. तिलाच नाही, तर दुसऱ्या कुणाला सांगणार?

आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच जमेल असं वाटतं. जमलं तर.

मी हिंगोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. निजामाची अमदानी होती, आणि वरच्या वर्गांचं सगळं शिक्षण उर्दूत. मीही तसाच शिकलो, हैदराबादेत, दोन वर्षं. गतीचे तीन नियम मला आधी उर्दूतच पाठ झाले — हरकतीचे कायदे म्हणायचे त्यांना. बळाला कुव्वत, वेगाला रफ्तार. वर्गात मी उर्दूत वाचायचो आणि मग पोरांची तोंडं बघून मराठीत सांगायचो. पोरं शेतकऱ्यांची. बैलगाडी, मोट, गोफण यातलं उदाहरण दिलं की डोळे चमकायचे. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला सांगू — त्यापेक्षाही आवडायचं ते लोकांनी म्हणणं, की हा मास्तर हैदराबादेहून सायन्स शिकून आलाय. गावात तेव्हा असा मी एकटाच होतो.

शाळेला पाणी नव्हतं. पोरं लांबच्या आडावर जायची. शाळेच्या मंडळींनी मागच्या पडीत विहीर खोदायचं ठरवलं आणि देखरेख माझ्याकडं दिली. का माझ्याकडं? कारण मीच मागून घेतली. चाक, दोर, ओझं — माझा सगळा धडाच तिथं उघड्यावर मांडला जाणार होता. शिवाय माझी नोकरी अजून कच्ची होती. तालीमात खात्याचे मोहतमीम, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, महिनाभरात यायचे होते. मी हेडमास्तरांना शब्द देऊन बसलो होतो — साहेब येतील तेव्हा विहिरीचं पाणी प्यायला देईन.

विहीर खोदायला दोघे भाऊ आले. मारोती थोरला, लक्ष्मण धाकटा. मारोतीची बायको गयाबाई मुरूम वाहायची. तिची तीन-चार वर्षांची पोरगी कडुलिंबाखाली खेळत असायची. एवढंच बिऱ्हाड. मारोती खाली उतरून दगड फोडायचा आणि लोखंडी डोलात भरायचा — डोल म्हणजे मोठी बादलीच, दोन माणसं उभी राहतील एवढी. वर लाकडी चौकटीवर चाक होतं. त्यावरून नाडा गेलेला, मोटेचा असतो तसा अंबाडीचा जाड दोर. त्याच्या एका टोकाला डोल आणि दुसऱ्या टोकाला बैलजोडी. बैल लक्ष्मण हाकायचा. आणि डोलाच्या कडीला नाडा बांधायचा तोही लक्ष्मणच.

त्याची गाठ त्याच्या बापानं शिकवलेली होती. कडीतून दोन वेढे, मग मागं येऊन स्वतःतच अडकवलेली. ओझं जितकं जड तितकी ती घट्ट होत जायची. बांधून झाली की लक्ष्मण स्वतः डोलात उभा राहायचा, बैल नाडा ताणून धरायचे, आणि लक्ष्मण दोन्ही पायांवर उड्या मारून बघायचा. रोज. कामाला लागण्याआधी आणि भाकरी खाऊन झाल्यावर, दोनदा. मी एकदा हसून म्हणालो, "लक्ष्मण, काल धरली ती गाठ आज काय सुटते का?" तर म्हणाला, "खाली भाऊ असतो ना मास्तर."

मी पुढं जायला टाळतोय, हे माझ्या लक्षात येतंय.

विहीर चार परस खोल गेली — म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील इतकी — आणि खडक लागला. ओझी वाढली. एके सकाळी लक्ष्मण माझ्याकडं आला. मी वर्गाला घेऊन विहिरीशी निघालोच होतो, त्यामुळं पोरं भोवती होती. तो म्हणाला, "मास्तर, नाडा म्हातारा झाला. आतून झिजला. नवा वळा लागते."

नवा नाडा वळायचा म्हणजे आठ-दहा दिवस काम बंद. साहेब यायला पंधरा दिवस उरले होते. मी म्हणालो, "तू म्हणतोस म्हणून कसं ठरवायचं? तपासून बघू." पोरांना म्हणालो, सायन्समध्ये असंच करतात — आधी माप, मग मत. कडुलिंबाच्या फांदीला तो नाडा बांधला. दोन-दोन मणांची ज्वारीची तीन पोती त्याला टांगली. घड्याळ काढून अर्धा तास थांबलो. नाड्याला काही झालं नाही. आमचा भरलेला डोल चार मणांचा. सहा मण पेलणाऱ्या नाड्याला चार मणांची काय भीती? पोरांनी टाळ्या वाजवल्या.

लक्ष्मण तिथंच उभा होता. त्यानं पोत्यांकडं पाहिलं, नाड्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मास्तर, टांगून ठेवलेलं वझं येगळं. बैलाचा झटका बसला तं येगळं होते. झटक्याला ह्यो न्हाई पेलायचा."

थांबा. इथं मला नीट सांगायला हवं, कारण सगळं इथंच आहे.

त्याच्या पंधरा दिवस आधी मी वर्गात दुसरा नियम शिकवला होता. माझ्याकडं एक स्प्रिंगचा काटा होता, हैदराबादेहून आणलेला. त्याला दोन शेरांचा दगड टांगला — काटा दोनवर. मग काटा हातात धरून एकदम वर हिसका दिला — काटा चारच्याही पुढं गेला. पोरं ओरडली. मी फळ्यावर लिहिलं : ओझं तेच, पण त्याला एकदम वेग द्यायचा तर दोरावर ताण वाढतो. जितक्या लवकर वेग द्याल, तितकं बळ जास्त. हे मी लिहिलं होतं, माझ्या हातानं, माझ्या अक्षरात. म्हणजे लक्ष्मण जे म्हणत होता ते मला कळलं नाही असं झालं नाही. तो तोंड उघडून "झटका" म्हणाला त्याच क्षणी मला काटा चारच्या पुढं जाताना दिसला. त्याचं बराबर होतं. माझी परीक्षा चुकली होती. सहा मण टांगून काहीच सिद्ध झालं नव्हतं.

मग मी काय म्हणालो? "अरे, झटका बैलांचा असतो. वजन तर तेच राहतं ना?"

आणि हसलो. पोरांनी तो काटा पाहिला होता, तरीही मास्तर हसतात म्हणून तीही हसली. ज्याला सही करता येत नाही अशा माणसानं वर्गासमोर माझी चूक काढावी — एवढंच होतं ते. दुसरं काही नव्हतं. लक्ष्मण खाली बघत म्हणाला, "तुमी शिकलेले हाव. तुमी म्हनता तं असंल." आणि नाडा खांद्यावर टाकून गेला.

तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. निजामाच्या राज्यात शाळेला तीच सुट्टी. तरी मी विहिरीवर होतो, कारण आता दिवस मोजत होतो. दुपारी त्यांच्या भाकरी झाल्या. मारोती शिडीनं खाली उतरला. लक्ष्मणनं गाठ बांधली आणि डोलात पाय टाकणार, तर मी म्हणालो, "राहू दे रे, सकाळी पाहिलंस ना? ऊन उतरायला लागलंय."  त्यानं उचललेला पाय मागं घेतला. डोल खाली सोडला.

पहिली दोन ओझी नीट आली. तिसऱ्याला डोल अर्ध्यावर आला आणि कडेला खडकाचा एक दात पुढं आलेला होता त्याखाली अडकला. बैल थांबले. लक्ष्मण ओरडला, "अडकला! मागं सोडतो जरा. दादा, बाजूला हो!" खालून मारोतीचा आवाज आला, काय म्हणाला ते कळलं नाही. डोल मागं सोडायचा, मारोतीनं तो काठीनं बाजूला ढकलायचा, मग पुन्हा वर ओढायचा — एवढंच करायचं होतं. पाच मिनिटांचं काम.

मी म्हणालो, "मागं काहून? हाण बैल. एका झटक्यात निघंल."

व्हय, झटका. तोच शब्द माझ्या तोंडून आला.

लक्ष्मणनं माझ्याकडं पाहिलं. मी हातानं हाण, हाण असं केलं. त्यानं बैल जरा मागं घेतले, नाडा ढिला पडला, आणि मग त्यानं आसूड ओढला. बैल उसळले. डोल खडकाखालून निसटला, वर उडाला, परत खाली आला — आणि नाडा ताठ झाला तेव्हा आवाज झाला. बंदुकीसारखा. ओझं सुटल्यामुळं बैल तोंडघशी पडता पडता सावरले आणि उधळले. लक्ष्मणच्या मनगटाला कासरा गुंडाळलेला होता. तो फरफटत गेला, पडीच्या पार टोकापर्यंत. विहिरीतून डोल आदळल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग गयाबाई किंचाळली.

मी शिडीनं खाली उतरलो. मीच पहिला. हे लोक पुढं वर्षानुवर्षं सांगत राहिले — मास्तर स्वतः उतरले हो, जिवाची पर्वा केली न्हाई.

खाली अंधूक होतं. घोट्याएवढं गढूळ पाणी. मारोती भिंतीला पाठ लावून पडला होता, आणि एक मोठा दगड त्याच्या पोटावर आणि मांड्यांवर होता. डोल शेजारी आडवा. तो जिवंत होता. डोळे उघडे होते. मला पाहून म्हणाला, "लक्षुमनला लागलं का?" मी म्हणालो, न्हाई. मग तो म्हणाला, "दगूड... मास्तर, दगूड."

मी दगडाला हात घातला. आणि हात घालताना मला डोलाची कडी दिसली.

लक्ष्मणची गाठ कडीवर जशीच्या तशी होती. तिच्यापासून हातभर अंतरावर नाडा तुटला होता, आणि तुटलेल्या जागी आतले धागे पांढरे दिसत होते. जो कुणी खाली येईल त्याला एका नजरेत कळलं असतं — गाठ टिकली, नाडा तुटला. ज्या नाड्याला मी, वर्गासमोर, घड्याळ लावून, चांगला म्हणालो होतो तो.

मी दगडावरचा हात काढला.

तुम्ही म्हणाल, घाबरला असशील, भान नसेल. नाही. मला सगळं भान होतं. वर गयाबाई ओरडत होती, लक्ष्मण अजून आला नव्हता, मला किती वेळ आहे याचा मी हिशेब करत होतो. मी कडीशी बसलो आणि ती गाठ सोडायला लागलो.

ती सुटत नव्हती. चार मणांच्या झटक्यानं ती आवळून दगडासारखी झाली होती. नखं घातली, नख मोडलं. एक टोकदार कपची घेतली आणि वेढ्यात खुपसली. दातानं ओढली. अंबाडीची आणि चिखलाची चव तोंडात आली. माझ्या मागं मारोती श्वास घेत होता. एकदा म्हणाला, "मास्तर." नुसतं तेवढंच. मी वळून पाहिलं. तो माझ्या हातांकडं बघत होता. त्याला काय दिसलं, काय कळलं? त्याच्या बापाची गाठ होती ती. त्याला न कळायला काय झालं? मी परत गाठीकडं वळलो.

शेवटी पहिला वेढा ढिला झाला, मग दुसरा. नाड्याचा तो तुकडा मी सदऱ्याखाली कमरेला गुंडाळला. मग दगडाशी गेलो. दोन्ही हातांनी, पाय भिंतीला लावून जोर केला, तर दगड हलला. एकट्या माणसाला हलत होता तो. बाजूला पडला. पण मारोतीचा श्वास तोवर थांबला होता.

दगड आधी काढला असता तर तो वाचला असता का? मला ठाऊक नाही. मी डॉक्टर नाही. कदाचित नसता वाचला. पण मी ते बघितलंच नाही, एवढं मला ठाऊक आहे.

वर आलो तेव्हा बैलांमागं उरलेल्या नाड्याचं तुटलेलं टोक पडलं होतं. ते मी पायानं ओल्या मुरमात घासलं, पांढरं दिसेनासं होईतोवर. मोटेच्या नाड्याचं टोक तसंही विस्कटलेलंच असतं. लक्ष्मण तेव्हा रक्तानं भरलेला, खांदा निखळलेला, विहिरीच्या काठाशी पालथा पडून "दादा, दादा" करत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "लक्ष्मण, गाठ सुटली रे."

मराठीत किती सोपं आहे बघा. सुटली. कुणी सोडली हे सांगायची गरजच नाही.

पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, आले. त्यांनी उर्दूत लिहून घेतलं आणि मी उर्दूत सांगितलं, गिरह खुल गई, गाठ सुटली. रिकामी कडी त्यांनी पाहिली. लक्ष्मणला विचारलं, "गाठ तूच बांधली?" तो म्हणाला, "व्हय." "बांधून बघितली?" तो रडायला लागला. म्हणाला, "सकाळी बघितली. दुपारी न्हाई बघितली जी." मी शेजारी उभा होतो. दुपारी का बघितली नाही, ते त्यानं सांगितलं नाही. झटका द्यायला कुणी सांगितलं, तेही नाही. मला वाचवायला नाही — त्याच्या मनातच ते आलं नसावं. त्याच्या डोळ्यांसमोर ती रिकामी कडी होती. अमिनांनी माझा जबाब वाचून दाखवला, मी सही केली, वळणदार. त्याच संध्याकाळी कयाधू नदीवर गेलो आणि तो तुकडा दगड बांधून डोहात टाकला. माझी बायको म्हणाली, "हात कशानं सोलले?" मी म्हणालो, दगड काढताना.

गयाबाई पोरीला घेऊन सेनगावाकडं माहेरी गेली. जायच्या आधी तिनं सगळ्यांदेखत लक्ष्मणला म्हटलं, "तुझ्या हाताला कीड पडो." त्यांच्या जातभाईंनी बसून ठरवलं की लक्ष्मणनं यापुढं नाड्याला हात लावायचा नाही. कुणी त्याला विहिरीच्या कामावर घ्यायचं नाही. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. कुठं गेला ते कळलं नाही. मी चौकशीही केली नाही.

विहीर दुसऱ्यांनी पुरी केली. पाणी लागलं, चांगलं गोड पाणी. साहेब उशिरानं आले, प्यायले, शाबास म्हणाले. माझी नोकरी पक्की झाली. मीही ते पाणी प्यायचो. रोज. तुम्हाला वाटेल, घशाखाली कसं उतरलं? उतरलं. तहान लागली की उतरतं.

आणि दरसाल दुसरा नियम यायचा तेव्हा मी तो शिकवायचो. काटा काढायचा, दगड टांगायचा, हिसका द्यायचा. माझा हात कधी थरथरला नाही. थरथरला असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण नाही थरथरला.

आता शेवटचं.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन महिना-दीड महिना झाला होता. निजामाचं राज्य गेलं होतं, रस्त्यांवर पुन्हा माणसं दिसायला लागली होती. माझी बहीण शिरड शहापूरला दिलेली होती. तिचं सगळं ठीक आहे ना बघायला मी गेलो होतो आणि भल्या पहाटे परत निघालो. गाडी मिळाली नाही म्हणून चालत. वाटेत रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता आणि एक माणूस उकिडवा बसून दगड फोडत होता. एका खांद्यानं जरा खाली झुकलेला. मी पुढं निघून गेलो असतो. त्यानंच हाक मारली, "मास्तर!"

लक्ष्मण होता. केस पांढरे झाले होते. माझ्याहून लहान होता तो. उठून त्यानं हात जोडले, पोरंबाळं बरी हायेत का, शाळा चालू हाय का, विचारलं. विहिरीला पाणी हाय का, तेही विचारलं. मी हाय म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावर खरंच बरं वाटल्यासारखं दिसलं.

मग म्हणाला, "मास्तर, एक इचारू? लई दिस झाले, कुनाले इचारावं समजंना. तुमी सायन्स शिकलेले हाव. माही गाठ कशी सुटली, सांगा मले."

मी हिंगोलीच्या वाटेकडं पाहिलं.

"बापानं शिकवलेली गाठ. तिच्यात मी उभा राहून उड्या मारायचो. अजून बी रोज बांधून बघतो." त्यानं खरंच कमरेची सुतळी काढली आणि हातोड्याच्या दांड्याला ती गाठ मारून दाखवली. बोटं भराभर चालली. "वढा, मास्तर. सुटते का बघा."

मी ओढली. सुटली नाही.

तेव्हा सांगता आलं असतं. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. अमीन गेले होते, ते राज्यच गेलं होतं, ते कागद कुठं होते कुणाला ठाऊक. मला कुणी काही करणार नव्हतं. भीतीचं कारणच उरलं नव्हतं. मग कशाची भीती होती मला?

मी खाली बसलो. काडी घेतली आणि धुळीत कडी काढली, नाडा काढला, बाण काढले. वर्गात बोलतो त्याच आवाजात त्याला सांगायला लागलो. गाठ टिकते ती दोर दोरावर घासतो म्हणून. घासणं कमी पडलं की दोर सरकतो. त्या दुपारी नाडा ओला असेल, वेढा नीट बसला नसेल, त्यात झटका बसला. झटका बसला की चार मणांचे आठ मण होतात. मी बाण मोठा करून दाखवला.

तो मन लावून ऐकत होता. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं इतकं मन लावून ऐकलं नसेल. धुळीतल्या बाणाकडं बघत तो हळूच म्हणाला, "झटक्याचं तं मी म्हनलं होतं ना, मास्तर? तुमी तवा हासले होते."

"व्हय," मी म्हणालो. "तुझं बराबर होतं."

"मंग मास्तर," त्यानं वर पाहिलं, "आठ मन झाले तं नाडा काहून न्हाई तुटला? नाडा तं म्हातारा होता."

मला ते आजही जसंच्या तसं ऐकू येतं. त्यात आरोप नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता. शिकला असता तर माझ्यापेक्षा चांगला मास्तर झाला असता तो. त्यानं बरोबर त्या जागेवर बोट ठेवलं होतं, आणि उत्तर ऐकायला माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी म्हणालो, "नाडा चांगला होता, लक्ष्मण. मी तपासला होता."

 त्यानं दांड्यावरची गाठ सोडली, सुतळी कमरेला बांधली.

"म्हंजे माही गाठच कच्ची होती."

"व्हय," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "बरं झालं सांगितलं," म्हणाला, "जिवाला लागून राहिलं होतं." मला हात जोडले, हातोडा उचलला आणि पुन्हा खडीपाशी बसला. मी चालायला लागलो. बऱ्याच लांबपर्यंत त्याच्या हातोड्याचा आवाज येत होता. मागं वळलो असतो तर पाच मिनिटांत त्याच्यापाशी पोचलो असतो. मी वळलो नाही. दुपारी दोनच्या सुमारास हिंगोलीला पोचलो. तीनचा तास होता, तो घेतला.